केंद्र क्रमांक चार

"आईचं नाव आलं तिथनं परत वाचा," तो माणूस उभा राहून म्हणाला.

मोरघळच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. हिरडी नदीवर एका कारखान्यासाठी धरण बांधायचं होतं आणि त्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यायला नियमाप्रमाणे जनसुनावणी चालली होती. स्टेजवर प्रांतसाहेब, शेजारी दोन अधिकारी, मग कारखान्याची माणसं आणि अगदी कडेच्या खुर्चीवर मी. धरणामुळं नदीचं, तिच्यातल्या माशांचं काय होईल याचा अहवाल आमच्या पुण्याच्या कन्सल्टन्सीनं केला होता आणि त्यातला पाण्याचा भाग माझा होता. एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव 'जलपरिसंस्था तज्ज्ञ' म्हणून छापून आलं होतं. त्याआधीची पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाखाली पाण्याच्या बाटल्या भरत हिंडले होते.

अहवालाचा मराठी सारांश वाचणारा कारकून गोंधळला. प्रांतसाहेबांनी मान हलवली तसं त्यानं पान मागं उलटलं.

"केंद्र क्रमांक चार, खडसाची कोंड. दिनांक चौदा ऑगस्ट, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. डाव्या काठावरील सपाट खडकावर बसलेल्या स्थानिक ज्येष्ठ महिला ठकूबाई, वय अंदाजे सत्तर, यांनी सांगितले की, पूर्वी येथे पावसाळ्यात मासे वर चढत असत, परंतु अलीकडे चढत नाहीत."

"हे कुणाशी बोलली ती?" त्या माणसानं विचारलं. पन्नाशीचा असेल. डोक्याला टोपी नव्हती आणि आवाजात भांडण नव्हतं.

प्रांतसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मांडवातली दोन-तीनशे माणसं माझ्याकडं बघू लागली.

"माझ्याशी," मी म्हणाले.

"अंगावर काय होतं तिच्या?"

हे सारांशात नव्हतं. पण माझ्या फील्डबुकात होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. "हिरवं लुगडं," मी म्हणाले.

तो "तीच ती" असं पुटपुटून खाली बसला, आणि डिसेंबरच्या त्या थंडीत माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. कारण खडसाच्या कोंडीवर मी आयुष्यात कधी गेले नव्हते. ठकूबाई नावाच्या कुठल्याही बाईला भेटले नव्हते. ती म्हातारी, तो खडक, ते हिरवं लुगडं, सगळं मी सोळा ऑगस्टला पुण्यात ऑफिसच्या टेबलाशी बसून, चहा पिता पिता रचलं होतं.

झालं होतं ते असं. नदीवर पाणी तपासायच्या चार जागा ठरल्या होत्या. खालची तीन केंद्रं रस्त्याच्या कडेला होती, ती आम्ही तेरा तारखेला उरकली. चौथं वर कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर. चौदाला सकाळी घाटात दरड कोसळली आणि आमची जीप खालीच अडकली. आमचे ड्रायव्हर पोपटकाका म्हणाले, पायवाटेनं गेलं तर सात किलोमीटर पडेल, चला, मी पेटी घेतो. मी भिजले होते, दमले होते, माझ्या बुटात पाणी गेलं होतं. मी धारप सरांना फोन लावला. धारप सर आमचे साहेब. ते म्हणाले, अगं परत ये, नदी वर एक आणि खाली दुसरी असते का? तिसऱ्या केंद्राचे आकडे घे, थोडे इकडचे तिकडे कर. वरचं पाणी थंड म्हणून प्राणवायू जरा चढा धर. मासे वर चढतात असं मात्र लिहू नको, नाहीतर मंजुरी देणारी कमिटी आणखी एक वर्ष अभ्यास करायला लावेल. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असंही म्हणाले आणि स्वतःच हसले.

आकडे इकडचे तिकडे करणं आमच्या धंद्यात कुणाला नवीन नव्हतं. पण धारप सरांची एक शिकवण होती. ते म्हणत, आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, शेऱ्यावर ठेवतात. फील्डबुकाच्या शेवटच्या रकान्यात काहीतरी असं लिहावं की वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई तिथं उभी होती. म्हणून मी म्हातारी घातली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, पाय पाण्यात सोडून खडकावर बसवलं, आणि वर हौसेनं लिहिलं की तिच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. नाव काय द्यावं म्हणून पेन थांबलं नाही. ठकूबाई हे नाव माझ्या नात्यात नाही, ओळखीत नाही. ते कुठून आलं हे मला आजही सांगता येत नाही.

सरांना तो शेरा इतका आवडला की त्यांनी तो उचलून थेट सारांशात टाकला.

आता मांडवात काय झालं बघा. त्याआधी तासभर लोक नुसते पेटून उठले होते. कोंडीतले मासे आमच्या देवाचे, धरण झालं की चढण बंद होणार, एकेक जण उठून बोलत होता. ठकूबाईचं नाव वाचल्यावर पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उठला आणि सावकाश म्हणाला, ठकू तसं म्हनली आसंल तर मग बोलायचं काय ऱ्हायलं. कोंडीचं तिच्यापरीस कुनाला कळतंय. तो बसला आणि त्याच्यामागं सगळा मांडवच बसला. पाच-दहा मिनिटांनी एकानं विचारलं की कारखान्यात गावातली पोरं घेणार का. धारप सर खालच्या रांगेत होते, त्यांनी मला हळूच अंगठा दाखवला.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं नाव असलेला पहिला अहवाल पार पडत होता. सरकारी मत्स्यबीज केंद्रात माशांची पिल्लं मोजण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, त्या माझ्या बाबांनी त्या अहवालाचं पहिलं पान शेजारीपाजारी दाखवलं होतं. आणि मला खुर्चीवरून उठून पळून जावंसं वाटत होतं.

दुपारी एकला सुनावणी संपली. प्रांतसाहेब शाळेच्या खोलीत बसून कार्यवृत्त लिहून घेत होते, ते सही करून पाचला निघणार होते. कारखान्याच्या माणसांनी जेवण ठेवलं होतं. मी हात धुवायला नळावर गेले तर तो माणूस तिथं उभा. निवृत्ती उत्तेकर, त्यानं नाव सांगितलं.

"बाई, जरा कोंडीवर येता का माझ्यासंगं? आई कुठं बसली व्हती तेवढं दावा."

नाही म्हणायला मला शंभर कारणं होती. पण त्याच्या चेहऱ्याकडं बघून एकही सुचलं नाही. ठकूबाईंनाच विचारा की, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला त्याच्या 'बसली व्हती'मधलं काहीतरी खटकलं. मी विचारलं, त्या आता कुठं असतात?

"तुमाला म्हाईत न्हाई? त्याच दिशी गेली ती. पान्यात. तिसऱ्या दिशी खालच्या पुलाखाली घावली."

म्हणजे चौदाला गेली आणि सोळाला सापडली. सोळाला मी ऑफिसात बसून तिला हिरवं लुगडं नेसवत होते.

आम्ही निघालो. पायवाट कारवीच्या रानातून उतरत होती. तो पुढं आणि मी मागं, कारण मला वाट माहीत नव्हती आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. जिथं फाटा फुटे तिथं मी बुटाची नाडी बांधायला वाकायची आणि तो कुठल्या बाजूला वळतो ते बघायची. चालता चालता तो आईबद्दल सांगत होता. कोंडीवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या घरातल्या बाईचं होतं, सासूकडून सुनेकडं आलेलं. श्रावणात पुराच्या पाण्यात खडस मासा वर चढू लागला की ठकूबाई गावात येऊन सांगायची, चढण लागली. त्या दिवसापासून नऊ दिवस कोंडीच्या खाली कुणी जाळं टाकायचं नाही. तिनं सांगितलं नाही तर नियम लागू नाही. पन्नास वर्षांत एकही साल तिनं चुकवलं नव्हतं.

"यंदा सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगितलं की. चौदाच्या सकाळीच. चढण लागली म्हनली." तो थोडं पुढं जाऊन थांबला. "म्हनून तर मला उमगंना. सकाळी आमाला म्हनली चढत्यात, आनि दुपारी तुमाला म्हनली न्हाई चढत. आसं कसं व्हईल?"

त्याला माझा संशय आला नव्हता, हेच वाईट होतं. तो आईच्याच डोक्यात काय आलं असेल याचा विचार करत होता. गावानंही तेच केलं होतं. छापून आलेल्या कागदावर नाही, त्यांनी तिच्या सकाळच्या बोलण्यावर संशय घेतला होता.

कोंड आली. दोन्ही बाजूंनी काळे कडे आणि मध्ये हिरवंगार, हलत नसलेलं पाणी. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. मी पाच वर्षांत शेकडो डोह बघितले होते, पण त्या पाण्याकडं बघताना मला उगाचच मागं सरावंसं वाटलं. पाणी इतकं नितळ की दोन पुरुष खोलीवरचे मासे सावल्यांसकट दिसत होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, वरच्या धारेकडं.

"दावा," निवृत्ती म्हणाला.

डाव्या काठावर दगडच दगड होते. त्यात सपाट म्हणावा असा एकच खडक होता, अर्धा पाण्यावर आलेला, दोन माणसं शेजारी बसतील एवढा. मी बोट केलं.

त्यानं मान हलवली. "हितंच. एक चप्पल हितं घावली. डाव्या पायाची." मग त्यानं आपणहून सांगितलं, "डाव्या पायाला करंगळी नव्हती तिला. ल्हानपनी इळा लागलेला. चप्पल पायात ऱ्हायाची न्हाई."

माझी पाचावर धारण बसली. मी तिथल्याच एका दगडावर बसले. त्याला वाटलं, मला आठवण येऊन भरून आलंय. तोही समोर टेकला आणि मला धीर द्यावा तसं सांगू लागला.

"तुमचं पत्र आलं व्हतं बगा पंचायतीत. चौदा तारखंला पुन्याच्या म्याडम कोंडीवर पानी तपासायला येनार, आसं. सरपंचानं देवळाम्होरं वाचून दावलं. तवापास्नं आईचं एकच, त्या बाईला चढण दावाया पायजे. कागदावर लिवून घेतली तर धरान व्हनार न्हाई म्हनायची. त्या दिशी पानी लई चढलं व्हतं. म्या म्हनलं, नगं जाऊ, दरड पडलीया, कुनी येत न्हाई. तर म्हनली, पत्र लिवलंय म्हंजी येनार. दोन भाकऱ्या बांधून घेतल्या. एक तुमच्यासाठनं. लांबनं येतीया, भुकंजली आसंल म्हनली."

ते पत्र मी लिहिलं होतं. खाली माझी सही होती. असं पत्र आठ दिवस आधी पाठवायचा आमचा रिवाजच होता. जाणं रद्द झालं तर तसं दुसरं पत्र पाठवायचं असतं, निदान फोन करायचा असतो. दरड पडली तेव्हा मी धारप सरांना फोन केला, लॉजवर खोली पुन्हा मिळेल का म्हणून फोन केला, घरी केला. मोरघळला केला नाही. माझ्या मनातच आलं नाही की माझी कुणी वाट बघत असेल.

म्हणजे ती माझ्यासाठी इथं आली होती. त्या पुरात, या खडकावर, दोन भाकऱ्या घेऊन.

"पर येक बरं झालं," निवृत्ती म्हणाला. "तुमी आला. धोंडू झोरे पल्याडच्या कड्यावर म्हसरं घिऊन व्हता. त्यानं दोघींला बगितलं. आई आनि शेजारी निळा रेनकोट घातलेली बाई, वाकून पांढऱ्या ताटात कायतरी बगत व्हती म्हनला. पानी येवढं गाजत व्हतं की हाक पोचंना. मागनं म्हसरू बुजलं म्हनून तो मागं वळला, परत बगतोय तर कुनीच न्हाई. आमी म्हनलं, बाई गेल्यावर पाय घसरला आसंल. पर शेवटाला एकटी नव्हती. त्येच्यावरच दिवस काढलं आमी."

पांढरं ताट म्हणजे आमचा ट्रे. दगडाखालचे किडे त्यात पाणी घालून तपासतात. ते धोंडू झोरेला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पण मी एका गोष्टीला चिकटून राहिले. कंपनीचे रेनकोट पिवळे होते, आमच्या सगळ्यांचेच. निळा रेनकोट माझ्याकडं नव्हता. कुणीतरी दुसरी आली असेल, कॉलेजची, वनखात्याची, कुणीही. मी स्वतःला हे दोन-तीनदा सांगितलं.

"बाई," निवृत्ती म्हणाला, "माशाचं ऱ्हाऊ द्या. आनखी काय बोलली ती? घरचं काय, माझं काय?"

आणखी एक वाक्य रचायला मला किती वेळ लागला असता? शेऱ्याच्या रकान्यात मी तशी शेकड्यानं लिहिली होती. तुमची आठवण काढत होत्या, एवढं म्हटलं असतं तर तो जन्मभर सुखी झाला असता आणि माझी नोकरीही राहिली असती. मी तोंड उघडलं, आणि डोहातले ते सगळे मासे एकदम वळले. आवाज नाही, खळबळ नाही. सगळ्यांची तोंडं आमच्याकडं झाली आणि तिथंच थांबली. माशांना सावली हलली तरी कळतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण आम्ही दोघं हललो नव्हतो.

"दादा," मी म्हणाले, "प्रांतसाहेब पाचला निघणार आहेत. त्याआधी मला वर पोचवा."

चढणीला छाती फुटायची वेळ आली. साडेचारला आम्ही शाळेत पोचलो तेव्हा प्रांतसाहेबांच्या हातात सहीचं पेन होतं. मी म्हणाले, माझं निवेदन बदलायचं आहे. मी केंद्र क्रमांक चारवर गेले नव्हते. त्या पानावरचा एकही आकडा खरा नाही. ठकूबाई माझ्याशी काही बोलल्या नाहीत. त्या माझी वाट बघत बसल्या होत्या.

हे शेवटचं वाक्य कार्यवृत्तात घ्यायचं की नाही यावर दोन्ही अधिकाऱ्यांत थोडी चर्चा झाली. घेतलं नाही. बाकीचं घेतलं आणि माझी सही घेतली. बाहेर गर्दी जमली होती, कुणी शिव्या देत होतं, कुणी आमची जीप अडवा म्हणत होतं. धारप सर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पोपटकाका आले आणि माझी पेटी उचलून जीपमध्ये ठेवली.

निवृत्ती मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मला त्याच्याकडं जायचं धाडस होत नव्हतं, तोच आला.

"खरंच आला नव्हता?"

"नव्हते, दादा."

"मग ती एकटीच व्हती." त्यानं दोनदा डोळे पुसले. "तेवढंच एक व्हतं आमच्याजवळ. तेबी नेलं तुमी."

मी रडले, भर पटांगणात, लोकांसमोर. तो तिथंच उभा राहिला. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "पर धोंडू खोटं बोलत न्हाई, बाई. त्याला येतच न्हाई."

पुढचं थोडक्यात सांगते. अहवाल रद्द झाला, कारखान्यानं पाण्यासाठी दुसरीकडं बघितलं. माझी नोकरी गेली. पिवळा रेनकोट, जाळी, पेटी, सगळं मोजून परत द्यावं लागलं. बाबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, मासा मोजला नाहीस आणि लिहिलास? आणि चार महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. तज्ज्ञ म्हणून माझं नाव पुन्हा कागदावर यायला सहा वर्षं लागली. आज माझी स्वतःची छोटी कन्सल्टन्सी आहे, कामं बरी मिळतात. हाताखालच्या मुली विचारतात की मॅडम, शेऱ्याचा रकाना तुम्ही कोरा का ठेवता. मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं कारण त्या सुनावणीतलं नाही. ते त्यानंतरच्या ऑगस्टमधलं आहे.

बारा ऑगस्टला निवृत्तीचा फोन आला. आठ महिन्यांत पहिलाच. म्हणाला, "चढण लागलीया. चौदाला या आनि बगून लिवा. तुमचं लिवायचं ऱ्हायलंय." मी नाही म्हणूच शकत नव्हते. एका जुन्या मैत्रिणीच्या कॉलेजातून जाळी, बाटल्या आणि ट्रे मागून आणला. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तर पाऊस नुसता कोसळत होता. छत्री उलटली, तेव्हा समोरच्या टपरीवर जो मिळाला तो रेनकोट घेतला, अंगात घातला आणि मोरघळची एस.टी. पकडली. गाडी सुटायला आली होती, आरशात बघायला कुणाला सवड होती?

निवृत्तीच्या बायकोनं दारातच फडक्यात भाकरी बांधून दिली. दोन होत्या. मी म्हटलं, वहिनी, दोन कशाला? ती म्हणाली, आत्याबाई बांधायच्या तशाच बांधल्या, हात तसाच वळला. निवृत्ती कारवीच्या रानापर्यंत आला आणि थांबला. आईच्या या दिवशी तो खाली उतरणार नाही म्हणाला. वाट आता मला माहीत होती.

कोंड ओळखू येत नव्हती. पाणी तांबडं, फुगलेलं, आवाजानं कान बधिर होत होते. आणि खडस चढत होते. हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे, वरच्या धारेवर उडी घ्यायचे, आपटून खाली पडायचे, पुन्हा उडी घ्यायचे. इतके मासे मी कुठल्याच नदीत बघितले नव्हते. सपाट खडक अजून पाण्याच्या वर होता. मी त्यावर बसले आणि कामाला लागले. पाण्याची बाटली भरली, औषधाचे थेंब टाकले, तळाशी तपकिरी साका बसला. म्हणजे प्राणवायू भरपूर. घड्याळ बघून वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं. मग काठाचा एक दगड उलटा करून ट्रेमध्ये धुतला आणि त्यातले किडे मोजायला वाकले.

वाकल्यावर मला माझी बाही दिसली. निळी.

मी हळूच मान वर केली. पल्याडच्या कड्यावर म्हशी होत्या आणि घोंगडं पांघरलेला एक माणूस हात वर करून काहीतरी ओरडत होता. पाण्याच्या गर्जनेत ऐकू येत नव्हतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता.

भीती वाटली का, असं मला कुणी विचारलं तर वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली, की मला यायला एक वर्ष उशीर झाला. मी शेजारी बघितलं नाही. ट्रे बाजूला ठेवला, फडकं सोडलं, एक भाकरी स्वतः घेतली, दुसरी फडक्यावर तशीच राहू दिली आणि खडकावर जरा सरकून बसले.